गुडघ्याखालचं रक्त

आमच्या घरात कुणालाही कसलंही व्यसन नाही. हे वाक्य माझा धाकटा भाऊ दीपंकर संधी मिळेल तिथं म्हणतो, आणि नाही मिळाली तर संधी तयार करून म्हणतो. निपाणीत आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीचा तो सेक्रेटरी आहे, सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि जयंतीला व्यसनमुक्तीवर बोलायचा मक्ता त्याच्याकडंच असतो. ऐकून ऐकून मला त्या वाक्याचा वीट आला आहे. पण हसून सोडून द्यावं असंही ते वाक्य नाही, कारण त्याच्या मागं आमच्या आप्पाचं मरण आहे.

आप्पा, म्हणजे आमचा बाप कृष्णात, दारूनं गेला. तेव्हा मी सातवीत होते आणि दीपू चौथीत. आई, गंगव्वा, तंबाखूच्या वखारीत निवडायला-चाळायला जायची. आप्पाची माती झाल्यावर तिनं आम्हा दोघांना विहारात नेलं, मूर्तीपुढं बसवलं आणि पाचवं शील पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. नशेच्या पदार्थांपासून मी दूर राहीन. म्हणताना दीपू रडत होता आणि आई त्याच्याकडं बघत नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरात व्यसन म्हणजे दारू, दारू म्हणजे आप्पा, आणि आप्पा म्हणजे कुणीही होऊ नये असा माणूस.

आई दात घासायची मिश्रीनं. जाड तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वस्तीभर ठसका लागायचा, मग ती कुटून, चाळून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर एकदा, जेवण झालं की एकदा, परसाकडं जाण्याआधी एकदा, आणि अध्येमध्ये तोंड आंबलं म्हणून. आमच्या भागात याला कुणी तंबाखू खाणं म्हणत नाही. तंबाखू बाप्ये खातात, चुना लावून, रस्त्यावर थुंकत. मिश्री बायका लावतात. संध्याकाळी वंदनेला बसल्यावर आईच्या ओठाच्या कोपऱ्यात ती असायचीच, आणि त्याच तोंडानं ती पाचवं शील म्हणायची, अगदी मनापासून. तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आम्हालाही नाही आणि विहारात आलेल्या भंतेजींनाही नाही.

पन्नाशीच्या आसपास आईचा उजवा पाय दुखायला लागला. थोडं चाललं की पोटरी पेटायची, थांबलं की बरं वाटायचं. बाजाराला जाताना ती दर चार दुकानांपुढं उगाच उभी राहायची आणि बांगड्या बघतेय असं दाखवायची. मग अंगठ्याला बारीक जखम झाली. हळद लावली, एरंडेल लावलं, मिठाच्या पाण्यात पाय ठेवला, गावातल्या डॉक्टरचं मलम लावलं. जखम भरायची सोडून अंगठा काळा पडायला लागला, तेव्हा दीपूनं मला फोन केला. मी बेळगावात राहते, हायस्कुलात विज्ञान शिकवते. आपली आक्का विज्ञान शिकवते म्हणजे अर्धी डॉक्टरच, असा त्याचा समज आहे.

बेळगावच्या दवाखान्यात आधी सौम्या नावाची तरुण डॉक्टरीण आली. तिचं मराठी बेताचं होतं, पण आईचं कानडी चांगलं आहे, त्यामुळं अडलं नाही. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर? नाही. बीपी? नाही. बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू? आईनं प्रत्येकाला ‘इल्ल री’, नाही हो, म्हटलं, शेवटच्याला जरा रागानंच. दारूचं नाव निघाल्यावर तर तिनं तोंडच फिरवलं. मग दीपूनं आपलं ते वाक्य म्हटलं आणि सौम्यानं कौतुकानं मान हलवली.

सगळ्या तपासण्या झाल्या. आईचं काळीज उत्तम होतं. सौम्यानं मला मुद्दाम बोलावून सांगितलं की इतकं चांगलं हृदय या वयाच्या कष्टकरी बाईत बघून बरं वाटलं. मग नळी घालून पायाच्या शिरांचा फोटो काढला आणि मोठ्या डॉक्टरांनी तो आम्हाला पडद्यावर दाखवला. मी दरवर्षी फळ्यावर हृदय काढते. उजव्या कप्प्यांना निळा खडू, डाव्यांना तांबडा. काळजातून निघालेलं रक्त अंगठ्याच्या टोकापर्यंत जातं आणि परत येतं, असं मुलांकडून पाठ करून घेते. आईच्या पायात ते गुडघ्यापर्यंत झोकात येत होतं. गुडघ्याच्या खाली मात्र मुख्य शिरा मध्येच तुटल्यासारख्या संपल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूनं नुसत्या केसासारख्या वाकड्यातिकड्या रेषा कुठंतरी वाट काढत गेल्या होत्या.

मोठे डॉक्टर म्हणाले की असा फोटो ते महिन्याला बघतात, पण तो बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा असतो. यात बायपास करायलाही खाली धड शीर उरत नाही. औषध एकच, तंबाखू बंद करणं. ती बंद केली तर पाय वाचतो, नाही केली तर आज बोट, उद्या पाऊल आणि परवा गुडघा. आणि तंबाखू नसेलच तर हे कशानं झालं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी आईकडं बघून पुन्हा एकदा विचारलं. दीपूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही बौद्ध आहोत, शील पाळणारं घर आहे, माझ्या आईवर संशय घेऊ नका, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. डॉक्टरांनी फाईल मिटली. अशा वेळी गप्प बसलेलं बरं, हे त्यांना या गावात राहून कळलं असणार.

डॉक्टर गेले. आई उठली, भिंतीला धरत लंगडत बेसिनपाशी गेली, कमरेची डबी काढली आणि दोन खोल्या सोडून ऐकू जाईल अशा समाधानानं दात घासायला लागली. चांगलीच घाबरली होती बिचारी, आणि घाबरली की तिला मिश्री लागायची. मी तिच्याकडं बघत राहिले. हाताच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. आमच्या तिघांच्या डोळ्यांपुढं काकण खळखळत होतं आणि आम्ही आरसे शोधत हिंडत होतो.

दीपूला व्हरांड्यात ओढून मी सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, मिश्री म्हणजे दंतमंजन आहे. मी म्हटलं, ते मंजन कशाचं करतात ते सांग. मग तो हसायचा थांबला. त्यालाही कळलं, आणि कळल्यावर त्याचा चेहरा जो पडला तो पायासाठी पडला असेल असं मला त्या वेळी वाटलं.

“आक्का, डॉक्टरला सांगू नगंस,” तो म्हणाला. “आपण घरच्या घरी बंद करू की. कागदावर आईच्या नावापुढं तंबाखू लागली तर वस्तीत मी काय तोंड दाखवू?”

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्याला म्हटलं, तुझ्या तोंडाला काय धाड भरलीय, पाय तिचा चाललाय. आणि सरळ जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगून आले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग खूशही झाले. आता कारण कळलं, म्हणाले. आजपासून चिमूटसुद्धा नको, जखम भरेल, अंगठ्याचा शेंडा गेला तर गेला.

आईला सांगायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. मी तिच्या पलंगावर बसले आणि तिला कळेल असं सांगितलं. काळीज म्हणजे पाण्याची टाकी, शिरा म्हणजे नळ. टाकीत पाणी भरपूर आहे. पण तंबाखूनं नळ आवळत जातात, आतून बुजत जातात, आणि सगळ्यात लांबच्या टोकाला पाणी पोचत नाही. आमच्या वस्तीचा नळ गावाच्या शेवटाला आहे. वरचे लोक मोटारी लावायचे आणि आमच्या तोटीतून नुसती हवा यायची, अशी वर्षं आईनं काढली आहेत. तिला लगेच कळलं.

“म्हंजे पाय बी आपल्या वस्तीवानीच,” ती म्हणाली.

व्हय, म्हटलं. मग मी मिश्रीचं नाव काढलं. तिनं आधी मला वेड्यात काढलं. तंबाखू खाल्ली तर माणूस भोवंडतो, मिश्रीनं कुणी भोवंडलंय का? मग म्हणाली, वखारीतल्या सगळ्या बायका लावतात. मग म्हणाली, दुपारी भूक मारायला लावत होते, माझी भाकरी तुमच्यासाठी घरात ठेवत होते ती कशाच्या जोरावर? आम्ही दोघं त्या मिश्रीवर शिकलो, हे काही खोटं नाही. पण मी हट्टानं म्हणत राहिले की ती तंबाखूच आहे, तिची सवय लागते आणि तुला लागली आहे. आईनं माझा हात बाजूला सारला.

“सरळ सांग. मला बी व्यसन हाय म्हणतीस. मी आन् तुझा बाप एकच.”

माझा स्वभाव असा की खोटं बोलायची वेळ आली की मला राग येतो आणि राग आला की मी खरं बोलते. मी म्हटलं, व्हय. त्याची बाटली हुती, तुझी डबी हाय.

तिनं कमरेची डबी काढून खिडकीतून खाली टाकली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण मिश्री सुटली. रागानं का असेना, सुटली. तिला निपाणीला नेलं. दर रविवारी मी जायची आणि पट्टी सोडून बघायची. जखमेच्या कडा आधी ओलसर होत्या, मग त्यांच्यावर तांबूस रंग चढायला लागला. त्या केसासारख्या शिरांनी कुठून कुठून वाट काढून रक्त आणलं होतं. वर्गात इतकी वर्षं शिकवूनही रक्ताचं मला कधी एवढं कौतुक वाटलं नव्हतं. मी आईला सांगायची, बघ, भरतंय. ती छताकडं बघायची.

मिश्री सोडणं म्हणजे काय, हे रविवारी येणाऱ्याला कळत नाही; ते घरातल्यांना कळतं. आईचं डोकं ठणकायचं, जेवण जायचं नाही, पोट साफ व्हायचं नाही. दीपूची बायको उपासना सांगायची की आई बसल्या जागी रडतात, विचारलं तर म्हणतात काय न्हाय. दीपू आईवेडा. शाळेत असतानासुद्धा आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हा आधी रडायचा. शेवटी एक दिवस त्यानं किराणा दुकानातून पुडी आणून तिच्या हातावर ठेवली. दात घासण्यापुरती, दिवसातून एकदाच, म्हणाला. त्याच्या डोक्यात कुठंतरी अजून ते दंतमंजनच होतं. आणि आईला तर पोराच्या हातची पुडी म्हणजे निर्दोष सुटल्याचा निकालच वाटला. व्यसन असतं तर आपल्या दीपूनं आणून दिलं असतं का?

मला यातलं काही कुणी सांगितलं नाही. रविवारी गेले की तोंडं धुतलेली असायची आणि घरात उदबत्तीचा वास असायचा. जखम भरायची थांबली, मग परत काळी व्हायला लागली. मी औषधं बदलून आणली, डॉक्टरांशी फोनवर भांडले, पट्टी बांधणाऱ्या पोरीला रडवलं. शेवटी आईला तापानं फणफणलेली घेऊन परत बेळगावला आले, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिचा ओठ अंगठ्यानं वर केला आणि काळ्या हिरड्या मला दाखवल्या. पाय गुडघ्याच्या खाली कापला.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा दीपू बाहेर बाकावर बसून ओक्साबोक्शी रडत होता आणि मी त्याला एकदासुद्धा जवळ घेतलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण त्या दिवशी मला कुणालातरी चावावंसं वाटत होतं. रडता रडता तो म्हणाला की माझ्याच्यानं तिचे हाल बघवेनात. मला ते कळतं. कळतं म्हणूनच जास्त चीड येते. वाईट माणूस असता तर एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.

घरी आल्यावर माणसं बघायला येऊ लागली. पहिल्यांदा कुणी विचारलं असेल, कशानं गेला हो पाय, आणि दीपू म्हणाला असेल, शुगर. शुगर हे मोठं अब्रूदार दुखणं आहे. साहेब लोकांना होतं, शिकलेल्यांना होतं, त्यात कुणाची चूक नसते. चार दिवसांत साऱ्या वस्तीला माहीत झालं की गंगव्वाचा पाय शुगरनं गेला. मग लोकांपुढं तिला साखरेचा चहा कसा देणार? उपासना बिनसाखरेचा करायला लागली. लोक नसतानाही तसाच, कारण सवय मोडली तर चुकून लोकांपुढं साखर पडायची. लग्नाचा लाडू आला की आई हात जोडून नको म्हणायची. साऱ्या आयुष्यात गोडाची एवढी एकच हौस होती तिला. जिच्या रक्तात साखर नाही तिनं साखर सोडली, आणि तंबाखू चालूच राहिली. डावं पाऊल थंड पडायला लागलं आहे हे मला हात लावल्या लावल्या कळलं. मी दीपूला सांगितलं. तो म्हणाला, थंडीचे दिवस आहेत.

त्या रविवारी अंबूमावशी आली होती. अंबुबाई आईची वखारीतली जोडीदारीण. शेतकऱ्याची बायको, पण रोजगाराला आईच्याच शेजारी बसायची. आप्पा गेला त्या वर्षी वखारीत तिनं आपल्या डब्यातली चटणी-भाकर आईपुढं सरकवली होती, आणि आईनं ती बांधून आम्हाला आणली होती. मावशी दारातून आत येताना चौकटीला धरून थांबली आणि पोटरी चोळली. बसल्यावर चप्पल काढली तर करंगळीला फडकं गुंडाळलेलं होतं. मी विचारायच्या आधी तिनंच सांगितलं.

“मला बी तुझ्या आईवानी शुगरच असंल गं. चालवत न्हाय. तुझ्या आईचं ऐकलं आन् साखर सोडली बघ. च्या बी असलाच पिते.”

कुणी तपासलं का, विचारलं. त्यात काय तपासायचं, ती म्हणाली, दिसतंय की. उपासनानं दोघींना बिनसाखरेचा चहा दिला. दोघींनी तोंड वाकडं न करता तो प्यायला. मग मावशीनं सवयीनं कमरेची डबी काढली, चिमूट बोटावर घेतली आणि दाताला लावली.

दीपू दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी मावशीच्या पुढ्यात खाली बसले आणि सगळं सांगितलं. आईला शुगर नाही, कधीच नव्हती. पाय या मिश्रीनं गेला. तुमच्या करंगळीला तेच होतंय. अजून वेळ आहे, आत्ता टाका ती डबी, उद्या माझ्याबरोबर बेळगावला चला, तुमचा पाय वाचेल. एवढं कळवळून मी कधी वर्गातसुद्धा बोलले नव्हते.

मावशीचं बोट दातावर थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी शिकवणारी, माझं काय, मी सगळ्यांनाच शिकवते. तिनं आईकडं बघितलं. जिचा पाय गेला ती सांगेल तेच खरं, असा तिचा साधा हिशेब होता. आईनं नुसती मान हलवली असती तरी मावशीनं डबी गटारात टाकली असती. मला ते दिसत होतं आणि आईलाही दिसत होतं.

आईनं लुगडं गुडघ्यावर नीट ओढून घेतलं. दाराकडं, दीपूकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि दवाखान्यात भिंतीकडं फिरवलेलं तिचं तोंड माझ्याकडं अजून वळलंच नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

“तिचं काय ऐकतीस, अंबे,” आई म्हणाली. “डागदरनं शुगरच सांगिटलीया. आमच्या घरात कुणाला व्यसन न्हाय.”

मावशीला हायसं वाटलं. तिचं बोट परत दातांवर फिरायला लागलं. दोन्ही बाजू घासून झाल्यावर तिनं डबी आईपुढं केली, आणि आईनं माझ्यादेखत चिमूट घेतली.